पुढील स्टेशन, विलेपार्ले

प्रश्न : पावसाळ्यात ताप आला म्हणून मुलाचं रक्त तपासायला नेलं होतं. नर्सबाईंनी त्याला खिडकीतून उतरणारी विमानं मोजायला लावली आणि सुई टोचली. पठ्ठ्या रडलाच नाही! सासूबाई म्हणतात, दुखायचं तेवढं दुखलंच, तो रडायचं विसरला. खरं काय? आता पाच वर्षांचा त्रिगुणी बूस्टर आहे.
— एक आई, वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)

उत्तर : सासूबाईंना सांगा, बहुधा दुखलंच कमी. सुईची कळ हातातून थेट मेंदूत पोचत नाही. वाटेत मज्जारज्जूत तिला नाका लागतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये हे मांडलं. नाक्यावर किती सोडायचं याचे हुकूम वरून, मेंदूकडूनही येतात. 2012 मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या हाताला चटका देत त्यांना लक्षात ठेवण्याचं अवघड काम दिलं, तेव्हा मज्जारज्जूतलाच प्रतिसाद मंदावलेला दिसला. शरीरातली नैसर्गिक वेदनाशामकं अडवणारं औषध दिल्यावर तो फायदा 40 टक्क्यांनी घटला. म्हणजे नुसतं विसरणं नव्हे.

मात्र डोकं खरंच गुंतलं पाहिजे. ‘ते बघ विमान’ एवढ्यावर मूल एकदा बघतं आणि पुन्हा सुईकडे वळतं. तुमच्या नर्सबाईंनी मोजायला लावलं, ती खुबी. बूस्टरच्या वेळी लोकलमधल्या बाईंच्या आवाजात ‘पुढील स्टेशन, विलेपार्ले’ सुरू करा आणि पुढची स्टेशनं त्याला म्हणायला लावा. व्ही. एन. देसाई रुग्णालयात जा की घराजवळच्या डॉक्टरांकडे, स्पिरिटचा बोळा लागण्याआधी गाडी सुटलेली हवी. भिरभिरं फुंकणं, साबणाचे फुगे, मोबाइलवरचं कार्टूनही चालतं. त्याला आडवं न पाडता मांडीवर बसवून धरा. तान्ह्यांसाठी अंगावर पाजण्यासारखा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशींतही तो आहे.

आपण सगळे हमखास चुकतो ते बोलण्यात. ‘काही नाही होत, काही नाही होत’ असा जप लावला की मुलाला कळतं, काहीतरी होणार आहे. ‘दुखणार नाही’ हे तर खोटंच, आणि पुढच्या खेपेला ते वसूल होतं. घरून निघतानाच सांगावं : टोचेल, थोडं दुखेल, मी जवळ आहे. (‘मस्ती केलीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही धमकी ज्यांच्या घरी चालते त्यांनी आधी ती बंद करावी.)

त्रिगुणीनंतर दंड दिवसभर ठणकू शकतो, तिथे स्टेशनं कामाची नाहीत. गार पाण्याची पट्टी ठेवा.

आणि एखादं मूल मान वळवायलाच तयार नसतं, सुई आत जाताना बघायचंच असतं त्याला. तसं असेल तर गाडी यार्डात पाठवा आणि बघू द्या.