लॅपटॉपलाही ऊन लागते

वैशाखात आपण काय करतो? डोक्याला उपरणे बांधतो. बैल झाडाखाली बांधतो. पाण्याचा माठ सावलीत ठेवतो. आपल्या जालना जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. माणसाला ऊन लागते, जनावराला लागते, हे आपण जाणतो. पण यंत्रालाही ऊन लागते, हे आम्हांला नुकसान सोसून कळले.

ती हकीकत ऐका. गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाचा हिशेब आमची नात लॅपटॉपवर लिहीत असे. पेरणीआधी गटाला कर्ज हवे होते. म्हणून मे महिन्यात आम्ही दोघे हिशेब दाखवायला जालन्याच्या बँकेत गेलो. तिथे गर्दी होती. आम्ही म्हटले, "आधी बाजार करून येऊ. लॅपटॉप जीपमध्येच राहू दे. काचा बंद आहेत, चोर काय करणार?"

चोर आला नाही, पण ऊन आले. दोन तासांनी पाहतो तो पिशवीला हात लाववेना! नात म्हणाली, "आबा, आधी गार होऊ द्या." आम्हांला घाई. लगेच चालू करायला लावला. थोडा वेळ चालला आणि आपोआप बंद पडला. चार दिवसांत त्याचे बूड फुगले. कारागीर म्हणाला, "बॅटरी जुनी होती, त्यात हा ताव बसला." नवी बॅटरी येईपर्यंत काम अडले. पेरणी तोंडावर आलेली. बायका दारात येऊन उभ्या राहत, बोलत काहीच नसत. ते न बोलणे आम्हांला फार लागले.

असे का होते? लॅपटॉप चालताना स्वतःच तापतो. आतला पंखा ती उष्णता बारीक फटींतून बाहेर टाकतो. पण बाहेरची हवाच तापलेली असली, तर पंखा काय करील? पुष्कळ कंपन्या सांगतात की, लॅपटॉप १० ते ३५ अंशांत वापरावा. बंद गाडीत काचेतून ऊन आत शिरते, उष्णता मात्र अडकून पडते. आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. अशा उष्णतेने बॅटरी लवकर झिजते. कधी तिच्या आत वायू तयार होऊन ती फुगते. फुगलेली बॅटरी पेटूही शकते.

म्हणून एवढे सांभाळा :

१. लॅपटॉप उन्हात, खिडकीच्या कडेला किंवा बंद गाडीत ठेवू नका.

२. पत्र्याच्या घरात भर दुपारी काम करू नका. सकाळी किंवा दिवस मावळल्यावर करा. माळवदाचे घर जवळ असेल तर तिथे बसा.

३. गोधडीवर, गादीवर ठेवून चालवू नका. फटी बुजतात. खाली लाकडी पाट घ्या.

४. तापला असेल तर बंद करा. चार्जर काढा. सावलीत, पंख्याखाली ठेवा. गार झाल्यावरच चालू करा.

५. माठाला ओले फडके चालते, लॅपटॉपला नाही. त्याला फ्रिजमध्ये किंवा कुलरच्या तोंडाशीही ठेवू नका. ओलीने यंत्र बिघडते.

६. धूळ आणि कापसाचे तंतू फटींत बसतात. अधूनमधून कारागिराकडून साफ करून घ्या.

७. बॅटरी फुगली तर चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. कारागिराकडे द्या.

मोबाइललाही हेच नियम लावा.

आणखी एक. आता आमची नात हिशेब वहीतही उतरवते. यंत्र अडले तरी गट अडत नाही. आणि ती "थांबा" म्हणाली की आम्ही थांबतो. लहानांचेही ऐकावे, हे आम्ही मुलांना जन्मभर शिकवणारे या वयात शिकलो!

प्रश्न

१. जीपमधला लॅपटॉप कशाने तापला?
२. लॅपटॉप गोधडीवर का ठेवू नये?
३. तुमच्या घरात दुपारी सर्वांत गार जागा कोणती? दोन ओळी लिहा.