मोठ्या छायाचित्रांची चौकट

आमच्या टिळकवाडीची काँग्रेस विहीर सर्वांच्या परिचयाची आहे. डिसेंबर १९२४ मध्ये येथे राष्ट्रीय सभेचे ३९ वे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन होय. त्या दिवसांची साक्ष ही विहीर देते, तशीच त्या वेळची छायाचित्रेही देतात. विहीर दगडाची आहे, छायाचित्र कागदाचे. ते जपावे कसे, याचा येथे विचार करू.

त्या काळच्या छायाचित्रात बहुधा कागदावर जिलेटिनचा पातळ थर व त्यात चांदीचे सूक्ष्म कण असतात. जिलेटिन ओलीने मऊ होते. बेळगावच्या पावसाळ्यात काचेस टेकलेले छायाचित्र तिलाच चिकटते. सोडवू गेल्यास चेहऱ्यांचा थर काचेवर राहतो. यास्तव काच व छायाचित्र यांत अंतर हवे. त्यासाठी खिडकीसारखा कापलेला जाड पुठ्ठा छायाचित्रावर ठेवतात.

हा पुठ्ठाही पारखून घ्यावा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त पुठ्ठा कालांतराने आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो व त्याचा डाग चित्रावर उमटतो. सुती लगद्याचा आम्लरहित पुठ्ठा उत्तम.

मोठ्या चित्राची खरी अडचण निराळीच आहे. कागद ओलीने वाढतो व कोरड्या हवेत आकसतो. आकार जितका मोठा, तितकी ही घटबढ अधिक. चारी कडा डकवल्यास वाढत्या कागदास जागा मिळत नाही आणि त्यास फुगवटे येतात. म्हणून पातळ पण चिवट कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने केवळ वरच्या कडेस, मागील बाजूने लावाव्यात व चित्र मोकळे लोंबू द्यावे. खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे जाणकारास चित्र सुखरूप काढता येते. पारदर्शक चिकटपट्टी मात्र कधीही लावू नये. तिचा चिकटा कागदात मुरतो.

दोन फूट रुंद, तीन फूट उंच व ३ मिलिमीटर जाड अशा नुसत्या काचेचे वजन सुमारे ४ किलो भरते. एवढा भार दोन खुंट्यांवर विभागावा. तसबिरीच्या खालच्या कोपऱ्यांस मागून बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंतीलगत हवा खेळती राहते. ओल धरणारी भिंत व थेट ऊन टाळावे. मूळ प्रत एकच असेल, तर तिची नक्कल टांगावी आणि मूळ प्रत कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी.

विद्यार्थिमित्रहो, गांधीजींची मुद्रा असंख्य छायाचित्रांत सापडेल. परंतु एखाद्या स्वयंसेवकांच्या रांगेत उभे असलेले आपले पणजोबा कदाचित एकाच चित्रात असतील. घरातील जुन्या तसबिरी या दिवाळीच्या सुटीत वडीलधाऱ्यांसमवेत पाहाव्यात. कोण कोठे उभे आहे हे त्यांना विचारून घ्यावे, आणि ती नावे आम्लरहित कागदावर पेन्सिलीने लिहून तसबिरीच्या पाठीशी जोडावीत. नावे सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.