डोस ठरवताना मुलाकडे कोण बघतं?

एडीएचडीची गोळी लागू पडली की नाही, हे आपल्याकडे बहुतेक वेळा शाळा ठरवते. मूल जागेवर बसलं, फळ्यावरचं उतरवून घेतलं, शेजारच्याला ढकललं नाही, की गोळी लागू पडली. डॉक्टर तेच ऐकतात आणि तोच डोस पुढे लिहून देतात. घरात एखादंच माणूस असतं, ज्याला काहीतरी बिनसल्याचं जाणवत राहतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझी धाकटी बहीण. "तुम्ही फार विचार करता" हे तिला कुणी कुणी ऐकवलं, ते मी अजून विसरलेले नाही.

भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता. निदानाबद्दल वाद नव्हता. वाद सुरू झाला तो औषधापासून. पुण्यातल्या एका मोठ्या नावाच्या डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं, २४ किलो भरलं आणि मिथाइलफेनिडेटची हळूहळू विरघळणारी २० मिलिग्रॅमची गोळी थेट सुरू केली. रक्तदाब घेतला नाही, नाडी मोजली नाही. शाळेतल्या बाईंना भरायला एखादा फॉर्मही दिला नाही. पुढे फोनवरच डोस ३० केला. "वजनाप्रमाणे बसतंय. आता तीन महिन्यांनी या."

वजनाप्रमाणे, हा शब्द बहिणीला पटला होता. कुणालाही पटेल, तापाचं औषधही मुलांना वजनावरूनच देतात. पण मिथाइलफेनिडेटचं गणित तसं नाही. २४ किलोच्या एका मुलाला दहा मिलिग्रॅम पुरतात, तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्याला तीस लागतात आणि तिसऱ्याला दहाही सोसत नाहीत. चष्म्याचा नंबर जसा भिंगं बदलून बदलून काढावा लागतो, तसा हा डोस शोधावा लागतो. म्हणून साध्या, चार तास टिकणाऱ्या गोळीची सुरुवात साधारण ५ मिलिग्रॅमपासून, दिवसातून एकदा किंवा दोनदा करतात. मग दर आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅमची पायरी चढायची. प्रत्येक पायरीवर घरचे काय सांगतात, शाळा काय सांगते, भूक, झोप, नाडी, रक्तदाब हे सगळं बघायचं. दिवसाची वरची मर्यादा सहसा ६० मिलिग्रॅम धरतात. तिथवर पोचायचंच असतं असं मुळीच नाही.

शाळेतून आधी कौतुकच आलं. "किती शहाणा झालाय हो, जागचा हलत नाही." वर्षभर तक्रारींच्या चिठ्ठ्या पाठवणाऱ्या बाईंनी वहीत चांदणी दिली. बहीण फोनवर मला म्हणाली, "ताई, सगळे खूश आहेत. पण तो मला काही विचारतच नाही गं." हा मुलगा सांगलीच्या एसटी स्टँडवर उभा राहून प्रत्येक गाडीची पाटी मोठ्यानं वाचणारा, ही गाडी तासगावला कशी जाते आणि ती विट्याला कुठून वळते हे विचारून भंडावणारा. आता तो तासभर एका जागी बसे आणि नखाशेजारची कातडी सोलत राही. डबा तसाच परत येई. रात्री अकरा-अकरापर्यंत डोळे उघडे.

गणपतीत सगळे जमलो. आरतीची झांज आमच्याकडे त्याची, ती दुसऱ्या कुणी उचलली तर रडारड ठरलेली. त्या वर्षी आत्यानं झांज त्याच्या हातात दिली. सुखकर्ता संपली, दुर्गे दुर्घट संपली, घालीन लोटांगणला सगळे स्वतःभोवती फिरले आणि हा मांडीवर झांज घेऊन समईकडे बघत बसलेला. कुणीतरी म्हणालं, "बघा, औषधानं किती शांत झालं पोर!" बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी आम्हा दोघींनाही कळलं की याला शांत होणं म्हणत नाहीत. हे मूल औषधाखाली दबलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याला फोन लावला. सांगितलं की तो हसत नाही, जेवत नाही, बोलत नाही. पलीकडून उत्तर आलं, "मग तुम्हाला तो पूर्वीसारखा हवाय का?" या वाक्याचा राग मला अजून येतो. ज्या आईनं वर्षभर शाळेच्या पायऱ्या झिजवल्या, नातेवाइकांचे टोमणे खाल्ले, "गोळ्यांची सवय लागेल" म्हणणाऱ्या सासरच्यांना तोंड देऊन औषध सुरू केलं, तिला हा प्रश्न? पूर्वीसारखा त्रास आणि हे असं गप्प होणं, यांच्या मधल्या पायऱ्यांवर तिचा मुलगा कुठेतरी होता. ती पायरी शोधणं हे डॉक्टरांचं काम होतं. डोस जास्त झाल्याची ही खूण त्यांच्याच पाठ्यपुस्तकांत आहे: मूल सपाट होतं, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, नको इतकं एकाच गोष्टीत अडकतं. तसं झालं की डोस उतरवायचा किंवा औषध बदलायचं.

या औषधांचा इतिहास पाहिला तर हे दुर्लक्ष जास्तच खटकतं. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका निवासी रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी डोकेदुखीवर उपाय म्हणून मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण काही मुलं अभ्यासाला एकदम लागली. त्यांनी ३० मुलांच्या नोंदी ठेवल्या: औषधाआधी कशी होती, औषध चालू असताना कशी होती, बंद केल्यावर काय झालं. शिक्षक आणि परिचारिका रोज बघत होत्या. मिथाइलफेनिडेट त्यानंतर १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन यांनी तयार केलं. त्यांची पत्नी रीटा हिच्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव पडलं. ही विद्या सुरू झाली तीच मुलाकडे रोज बघण्यातून.

आणि बघण्यानं किती फरक पडतो, हे मोजलंही गेलं आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमटीए या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चौदा महिने. एका गटात पहिले २८ दिवस वेगवेगळे डोस देऊन, पालक आणि शिक्षकांच्या नोंदींवरून प्रत्येकाचा डोस काढला आणि नंतर दर महिन्याला भेट ठेवली. दुसऱ्या एका गटातली मुलं आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जात राहिली. त्यांच्यातल्याही सुमारे दोन तृतीयांश मुलांना औषध मिळत होतं. तरी पहिला गट स्पष्टपणे पुढे गेला. यातली एक बाब मुद्दाम सांगायला हवी: त्या नीट शोधलेल्या डोसची सरासरी नेहमीच्या डॉक्टरांच्या डोसपेक्षा जास्त होती. म्हणजे भाच्याची गोष्ट ऐकून कुणी मुलाचा डोस मनानंच अर्धा करणार असेल, तर तसं करू नये. कमी पडलेला डोसही मुलाचं वर्ष वाया घालवतो आणि "हे औषध याला चालत नाही" असा शिक्का बसतो तो वेगळाच. त्याच मुलांचा पुढे पाठपुरावा झाला तेव्हा तीन वर्षांनी गटांमधला फरक पुसट झालेला होता आणि सातत्यानं औषध घेणाऱ्यांची उंची थोडी कमी वाढल्याचं दिसलं. म्हणून उंची-वजनाचा तक्ता हवा. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी बघायला सांगते. नाडी आणि रक्तदाब प्रत्येक डोसबदलाला, शिवाय दर सहा महिन्यांनी.

दुसऱ्या डॉक्टर मिरजेतच मिळाल्या. आधी त्यांनी सगळं थांबवलं, मूल परत बोलायला लागेपर्यंत. मग ५ मिलिग्रॅम सकाळी, ५ दुपारी. बहिणीला एक साधी वही घालायला सांगितली: गोळी किती वाजता, जेवण किती, झोप कधी, चिडचिड किती वाजता. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा ठरला. चिडचिड गोळीनंतर तास-दोन तासांत, म्हणजे असर शिखरावर असताना होत असेल, तर डोस जास्त असू शकतो. संध्याकाळी असर उतरताना होत असेल तर ती उताराची चिडचिड, तिच्यावर उपाय वेगळा. दोन्हींचं वर्णन घरचे "हल्ली फार चिडतो" असं एकाच वाक्यात करतात आणि डॉक्टरकडे वेळ नसला की डोस भलत्याच दिशेला जातो.

शाळेनं मात्र दुपारची गोळी द्यायला साफ नकार दिला. "आमची जबाबदारी नाही." डॉक्टरांचं पत्र दाखवलं तरी नाही. ज्या शाळेला गप्प मूल हवं होतं, तिला पाण्याचा एक पेला पुढे करायला जड गेलं. शेवटी बहीण मधल्या सुटीत फाटकाशी उभी राहायची. योग्य डोस सापडल्यावर मगच दिवसभर टिकणारी गोळी आली. या लांब असराच्या गोळ्या तोडायच्या, कुटायच्या, चावायच्या नसतात. तोडली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जाऊ शकतं. एका प्रकारात तर गोळीचं रिकामं टरफल शौचावाटे तसंच बाहेर पडतं. ते बघून औषध विरघळलंच नाही, असं समजून घाबरू नये.

गोळी मिळवणं हे वेगळंच दुखणं. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये येतं. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत त्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. छोट्या गावातले बरेच दुकानदार या भानगडीत पडतच नाहीत. मोबाइलवरचा चिठ्ठीचा फोटो चालत नाही. गोळ्या संपायच्या आधी आठवडाभर चिठ्ठी हातात असू द्या आणि दुकानात फोन करून मगच निघा. गोळीआधी भरपेट न्याहारी, असर उतरल्यावर रात्री पुन्हा जेवण. झोपेच्या वेळा सांभाळा, मोबाइल कमी करा, धीर धरा, हे तर सगळेच सांगतात.

भाच्याच्या निमित्तानं त्याच्या मामाचं, म्हणजे माझ्या भावाचंही निदान झालं, अडतिसाव्या वर्षी. एडीएचडी घराण्यातून येतो, त्यामुळे हे आक्रीत नव्हतं. मोठ्यांसाठी पाच लक्षणं पुरतात, पण त्यांची सुरुवात बाराव्या वर्षाआधीची हवी, म्हणून आईनं जपलेली प्रगतिपुस्तकं कामी आली. "हुशार, पण लक्ष नाही" हा शेरा पहिलीपासून होता. त्याला मिथाइलफेनिडेट नको होतं, म्हणून अ‍ॅटोमॉक्सेटीन दिलं. हे औषध उत्तेजक गटातलं नाही, पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, चार-सहा आठवडे वाट बघावी लागते. मोठ्यांत ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून ८० पर्यंत नेतात, वरची मर्यादा १००. मुलांत मात्र हे खरोखरच वजनावर ठरतं: दर किलोला अर्ध्या मिलिग्रॅमपासून १.२ पर्यंत. दोन औषधं, दोन वेगळे हिशेब.

भाऊ आठवड्याभरात ८० वर नेला गेला आणि छातीत धडधड सुरू झाली, लघवीला अडायला लागलं, झोप उडाली. "सुरुवातीला होतं," म्हणून त्याला परत पाठवलं. खरं कारण त्याच्या पाकिटातच होतं: चिंतेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं पॅरॉक्सेटीन. यकृतातलं जे विकर अ‍ॅटोमॉक्सेटीनचा निचरा करतं, त्यालाच पॅरॉक्सेटीन अडवतं, फ्लुओक्सेटीनही अडवतं. मग रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी चढतं. अशा वेळी ४० वरच चार आठवडे थांबावं, हे औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. भावानं पहिल्याच भेटीत सगळ्या गोळ्यांची नावं लिहून दिली होती. तो कागद कुणी वाचला नाही. औषधांची यादी नुसती देऊ नका, ती तुमच्यासमोर वाचून घ्या आणि "यातलं काही एकमेकांत अडतं का?" हे तोंडानं विचारा. अ‍ॅटोमॉक्सेटीनवर मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेत २००५ पासून आहे. पहिल्या काही आठवड्यांत मूल उदास, अस्वस्थ वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आणि एडीएचडीवरच दिलं जाणारं क्लोनिडीन किंवा ग्वानफासीन चालू असेल तर ते मनानं एकदम बंद करायचं नाही, रक्तदाब उसळतो.

भाचा आता मधल्या डोसवर आहे. बाईंनी अलीकडेच पुन्हा चिठ्ठी पाठवली: वर्गात फार प्रश्न विचारतो. बहिणीनं ती फाडून टाकली.

पुण्याच्या त्या डॉक्टरांकडून जुने कागद मिळवताना फार त्रास झाला. "आमच्याकडे ठेवत नाही," "पुढच्या भेटीत बघू." मिरजेच्या डॉक्टरांना आधीचा डोस कळणं गरजेचं होतं आणि ती चिठ्ठी औषधाच्या दुकानातल्या प्रतीवरून शोधावी लागली. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही रुग्णाला आपल्या नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे. अर्ज लेखी करा, तारीख घाला, पोच घ्या. आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीची छायाप्रत घरी, वेगळ्या फाइलीत.