मांजरांचा विमा की आवर्ती ठेव?

प्रश्न : आम्ही भाईंदरला जेसल पार्कमध्ये राहतो. बोका दोन वर्षांचा, मांजर नऊ वर्षांची. विमा काढावा की पैसे साठवावेत?

उत्तर : मांजरीसाठी सरळ पैसे साठवा. विम्याला वयाची अट असते, आणि आधीपासूनच्या आजाराला सहसा भरपाई मिळत नाही. उतारवयातल्या मांजरांना मूत्रपिंडाचा त्रास बराच होतो; आत्ताच रक्त तपासून घ्या. महिना १,००० रुपयांची आवर्ती ठेव काढलीत तर वर्षाला १२,००० आणि वर व्याज.

बोक्याचा विमा मात्र विचारात घेण्यासारखा आहे. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने लघवी तुंबते. तो ट्रेमध्ये पुनःपुन्हा बसतोय, कण्हतोय आणि थेंबही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. नळी घालून भरती करावं लागतं. पण त्या रात्री दवाखान्याचं बिल बहुधा तुम्हालाच भरावं लागतं, विम्याचे पैसे मागाहून येतात. म्हणजे विमा काढूनही गाठीला रक्कम हवीच! म्हणून आधी ठेव, मग विमा.

पॉलिसीत प्रतीक्षा काळ, बिलातला तुमचा वाटा आणि लसीकरणाची अट नीट वाचा. नसबंदी आणि लसींचा खर्च सहसा त्यात धरत नाहीत. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय धर्मादाय आहे. पण गर्दीच्या लोकलमध्ये टोपली सांभाळत तिथवर जाणं सोपं नाही, म्हणून जवळचा डॉक्टर ठरवून ठेवा. आणि खिडक्यांना जाळी नसेल, तर पहिला खर्च तोच करा.