फुटलेले चेंबर आणि विम्याचा दावा

खंबाटकी किंवा पसरणी घाटात, अथवा गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी व्यापलेल्या सांगली परिसरातील रस्त्यांवर, दुसऱ्या वाहनाची धडक न बसता केवळ ताबा सुटून मोटार दगडावर आदळते, तेव्हा मालकाला जड जाणारे नुकसान पुष्कळदा त्या क्षणी होत नसून पुढच्या अर्ध्या तासात होते. इंजिनाखालचे तेलाचे भांडे, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील चेंबर, फुटते, रस्त्यावर काळा ओघळ दिसतो, चालकासमोर तेलाच्या बुधलीचे तांबडे चिन्ह उजळते. तरीही ‘चालतेय ना, मग नेऊ साताऱ्यापर्यंत’ या हिशेबाने गाडी दामटली की थोड्याच अंतरावर इंजिन जाम होते. चेंबरचा खर्च विमा कंपनी मान्य करते आणि इंजिनाचा बहुधा नाकारते, कारण दुरुस्तीपूर्वी वाहन चालवल्याने वाढलेले नुकसान मालकाच्या जोखमीवर, अशी अट प्रमाणित पॉलिसीतच असते. त्याच पॉलिसीत मोटार टोचन करून नेण्यासाठी १,५०० रुपयांपर्यंतची तरतूद असते. घाटातल्या क्रेनच्या दरापुढे ती तोकडी असली, तरी नव्या इंजिनापेक्षा क्रेन केव्हाही स्वस्त.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्ती केवळ तृतीय पक्ष विम्याची, म्हणजे इतरांच्या हानीच्या भरपाईची आहे. स्वतःच्या गाडीची भरपाई ‘ओन डॅमेज’ भाग घेतला असेल तरच मिळते. महामार्गाचा कठडा मोडला, तर तो मात्र तृतीय पक्षाची मालमत्ता ठरतो. कंपनीला तत्काळ कळवावे, नंबरप्लेट व आसपासचा रस्ता दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत आणि सर्व्हेयर, म्हणजे नुकसान मोजणारा परवानाधारक तपासनीस, पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एकही भाग उतरवू देऊ नये, मग तो कितीही घाई करो.

बिल पूर्ण मिळेल ही समजूत घसाऱ्यापाशी, म्हणजे वापराने घटलेल्या किमतीच्या वजावटीपाशी, अडखळते. समजा, गाडी साडेतीन वर्षांची आहे: ८,००० रुपयांच्या प्लॅस्टिक बंपरचे निम्मे, १२,००० रुपयांच्या पत्र्याच्या बॉनेटमधून २५ टक्के वजा जाऊन ९,०००, आणि ६,००० रुपयांची काच पूर्ण धरली जाते, म्हणजे २६,००० पैकी १९,००० रुपये, आणि त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी सक्तीची १,००० रुपयांची वजावट. ‘झिरो डेप’ ही जोड घेतलेली असल्यास घसारा सहसा कापला जात नाही. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे बिनदाव्याच्या वर्षांनी साठत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत पोहोचणारी हप्त्यातील सूट, साधारणपणे शून्यावर येते; म्हणून नुसत्या खरचटलेल्या बंपरसाठी दावा करणे हा बहुतेकदा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे, कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि महिनाभरात समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे जावे. सातारा व सांगली त्याच्याच कक्षेत येतात आणि तेथे शुल्क लागत नाही.