व्यभिचार, जारकर्म आणि अत्याचार

प्रश्न : बायबलमध्ये कुठे ‘व्यभिचार’, तर कुठे ‘जारकर्म’ येते. दोन्ही एकच का? अत्याचार झालेल्या बाईलाही लोक हेच शब्द लावतात. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, आरमोरी

उत्तर : एकच नाहीत. नव्या कराराच्या ग्रीकमधला ‘मोइखेइया’ म्हणजे विवाहाची निष्ठा मोडणे, तो व्यभिचार. ‘पोर्नेइया’चा आवाका मोठा आहे. वेश्यागमन, नात्यात निषिद्ध असलेला संबंध, सारे त्यात येते. मराठीत त्याला बहुधा ‘जारकर्म’ म्हटले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम ‘नाही’. अनुवाद २२:२५-२७ वाचा. शिवारात गाठून जबरदस्ती झालेल्या वाग्दत्त मुलीकडे काहीही दोष नाही, हा प्रकार खुनासारखा आहे, असे तिथे म्हटले आहे. तिने हाक मारली, सोडवणारे कोणी नव्हते. मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला एकट्या जाणाऱ्या तुमच्याकडच्या बायांना हे कोणीतरी वाचून दाखवायला हवे. आधीच्या दोन ओळी नगरातल्या मुलीबाबत कठोर आहेत, पण त्या पुढे करून पीडितेला पापी ठरवणे मला मान्य नाही. मत्तय ५:२८ मध्ये येशू दोष वासनेने पाहणाऱ्या पुरुषावरच ठेवतो.

मूळ भाषांतून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी केडगावला ‘पतित’ म्हणून हाकललेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले होते. तुमच्या मंडळीनेही अत्याचार झालेल्या बाईला पश्चात्ताप करायला लावू नये. पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जावे.