जेम्सला वळायला वेळ लागतो

माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी ‘सायलेंट हिल २’ अर्धवट टाकला, त्यांनी तो पहिल्या तासाभरातच टाकला. घाबरून टाकला असता तर एक वेळ समजलं असतं, पण ते वैतागले होते. डावीकडे जायचं म्हणून बटण दाबावं तर जेम्स जागच्या जागी फिरतो. खोलीत पाऊल ठेवावं तर कॅमेरा भलत्याच कोपऱ्यातून बघू लागतो. समोरून काहीतरी सरपटत येतं आणि हातातली खिळे मारलेली फळी हवेतच फिरते. मग कंट्रोलर खाली ठेवला जातो, आणि व्हिडिओ गेममध्ये सांगितल्या गेलेल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी एक त्या माणसाला कधीच कळत नाही.

कोनामी कंपनीच्या ‘टीम सायलेंट’ या जपानी चमूने केलेला हा गेम सप्टेंबर २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. दिग्दर्शन मासाशी त्सुबोयामा यांचं, लेखन हिरोयुकी ओवाकू यांचं, संगीत अकिरा यामाओका यांचं. जेम्स संडरलँड या साध्या माणसाला त्याच्या बायकोचं, मेरीचं पत्र येतं: सायलेंट हिल गावातल्या आपल्या दोघांच्या खास जागी मी तुझी वाट पाहते आहे. मेरीला आजारपणात जाऊन तीन वर्षं झालेली आहेत. हे ठाऊक असूनही जेम्स गाडी काढतो आणि तळ्याकाठच्या त्या धुक्यातल्या गावात येतो.

इतकीच सुरुवात. पुढचं इथे सांगणार नाही.

पहिल्या दृश्यात जेम्स एका कळकट स्वच्छतागृहातल्या आरशासमोर उभा असतो. तिथून बाहेर पडला की जंगलातून उतरत जाणारी लांबच लांब पायवाट लागते. काही मिनिटं काहीच घडत नाही. पावलांचा आवाज, धुकं आणि अधूनमधून कुठेतरी काहीतरी हलल्याचा भास. बहुतेक जण ही वाट धावत पार करतात. नव्याने खेळणाऱ्याने नेमकं उलट करावं. इथे कुणी अंगावर येत नाही, त्यामुळे चालणं, वळणं, मागे सरकणं आणि कॅमेरा जेम्सच्या पाठीमागे आणणारं बटण, या सगळ्याचा सराव इथेच होतो. पुढे गल्लीबोळात पहिला प्राणी भेटतो तेव्हा शिकायला सवड नसते.

या चालण्याला ‘टँक कंट्रोल’ म्हणतात. वरचं बटण दाबलं की पात्र स्वतःचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे चालतं; डावं-उजवं बटण त्याला फक्त फिरवतं. १९९२ चा ‘अलोन इन द डार्क’ आणि १९९६ चा ‘रेसिडेंट ईव्हिल’ याच पद्धतीचे. आज ती अडगळीची वाटते, पण तिच्यामागे कारण होतं. त्या गेममध्ये कॅमेरे भिंतीला खिळवल्यासारखे असत आणि पात्र पुढे गेलं की दृश्य एकदम बदले. दिशा पडद्यावरून ठरली असती तर प्रत्येक बदलाला डावं-उजवं उलटंपालटं झालं असतं. दिशा पात्रावरून ठरली की कॅमेरा कितीही उड्या मारो, पुढे म्हणजे पुढेच. ‘सायलेंट हिल २’मध्ये कॅमेरा पुष्कळदा सोबत फिरतो, तरी अडचणीच्या जागी असाच उडी मारतो. ज्यांना हे अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी सेटिंग्जमध्ये पडद्याच्या दिशेने चालण्याची दुसरी पद्धतही दिलेली आहे. दोन्ही चालवून बघाव्यात आणि हाताला जी बसेल ती शेवटपर्यंत ठेवावी.

दुसरी सोय याहून मोलाची, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. गेम सुरू करताना मारामारीची काठिण्यपातळी वेगळी आणि कोड्यांची वेगळी निवडता येते. मारामारी सोपी ठेवावी, कोडी मध्यम. यात कमीपणा काही नाही. कोडी या गोष्टीच्या अंगाची आहेत. मारामारी तशी नाही.

मग बघायला शिकावं. जेम्स आसपासच्या महत्त्वाच्या वस्तूकडे मान वळवून पाहतो. अंधाऱ्या खोलीत गोळ्यांची पेटी आपल्याला दिसत नसली तरी त्याची मान तिकडे वळलेली असते. खिशातल्या रेडिओची खरखर वाढली की जवळपास काहीतरी आहे असं समजावं. नकाशावर तो स्वतः लाल खुणा करत जातो: हे दार बंद, ही वाट खुंटली. दर दोन-तीन दारांनंतर नकाशा उघडला की निम्मी भटकंती वाचते. रस्त्यावरचे प्राणी मारत बसण्याची तर मुळीच गरज नाही. धुक्यातून वाट काढून पळून जाता येतं.

या अवघडलेपणातलं सगळंच हेतुपूर्वक आहे असं काही चाहते सांगतात. ते मला पटत नाही. जेम्स सैनिक नाही, त्यामुळे फळी उचलायला त्याला लागणारा वेळ शोभतो. गजांपलीकडे पडलेल्या किल्लीसाठी तो हात लांबवतो, आणि लॉरा नावाची लहान मुलगी त्या हातावर पाय देऊन किल्ली लाथाडते. तिथला असहायपणा कंट्रोलरपर्यंत पोचतो. पण छोट्या खोलीत पिरॅमिड हेड नावाच्या राक्षसाशी गाठ पडते आणि कॅमेरा त्याला दाखवतच नाही, तेव्हा तो निव्वळ दोष आहे. त्या पहिल्या झटापटीत गोळ्या उधळू नयेत. खोलीतून फिरत राहून त्याची तलवार चुकवली की काही वेळाने तो आपणहून पायऱ्या उतरून निघून जातो.

सगळ्यात मोठा इशारा मात्र शेवटाबद्दल. पहिल्या खेपेला तीन वेगवेगळे शेवट शक्य असतात, आणि कोणता मिळणार हे एखाद्या संवादातल्या निवडीवरून ठरत नाही. जखमी अवस्थेत आपण जेम्सला किती वेळ तसंच ठेवलं, मेरीचा फोटो आणि पत्र किती वेळा काढून पाहिलं, वाटेत भेटणाऱ्या, मेरीसारख्याच दिसणाऱ्या मारियाच्या किती जवळ राहिलो, अँजेला नावाच्या तरुणीने सोपवलेला सुरा पुन्हा पुन्हा न्याहाळला का, यांची नोंद गेम गुपचूप ठेवतो. म्हणजे आपल्या सवयींतून जेम्सचं मन घडतं. मार्गदर्शक व्हिडिओ बाजूला लावून खेळणाऱ्याच्या हाती दुसऱ्याच कुणाचा तरी जेम्स लागतो. कोड्यात अडकल्यास तेवढंच उत्तर शोधावं. शेवटांविषयी काहीही वाचू नये. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर पोसलेल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

आवृत्ती निवडतानाही सावध राहावं. २०१२ चं एचडी कलेक्शन मूळ गेमच्या अपुऱ्या सोर्स कोडवरून तयार झालं होतं. त्यात धुकं इतकं विरळ झालं की जे झाकायचं तेच उघडं पडलं. ते टाळावं. संगणकावर खेळणाऱ्यांसाठी जुन्या पीसी आवृत्तीला चाहत्यांनी केलेली ‘एन्हान्स्ड एडिशन’ ही डागडुजी उत्तम आहे. पोलंडच्या ब्लूबर टीमने केलेला रिमेक ८ ऑक्टोबर २०२४ ला आला. त्यात कॅमेरा खांद्यामागे असतो, वार चुकवायला बटण आहे आणि चालण्याची कटकट उरलेली नाही. वेळ मात्र मूळ गेमच्या जवळपास दुप्पट लागतो, आणि मारामारीही बरीच वाढली आहे. ज्यांच्या हाताला जुनी पद्धत बसणारच नाही, त्यांनी खुशाल रिमेक खेळावा. इतरांना मी अजूनही मूळ गेमच सुचवीन; त्याची आटोपशीर लांबी गोष्टीला जास्त मानवते.

हा गेम प्रौढांसाठीच आहे, आणि तेवढं रक्तामुळे नव्हे. अँजेलाच्या कथेत घरातलं लैंगिक शोषण आहे, आत्महत्येचा विचार वारंवार डोकावतो, आणि सगळ्याच्या मुळाशी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं दीर्घ दुखणं आहे, सेवा करणाऱ्याच्या थकव्यासकट. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच खेळावं. आणि ज्यांनी नुकतंच आपल्या माणसाचं असं आजारपण काढलं असेल, त्यांनी हा गेम सध्या बाजूला ठेवावा. काही वर्षांनी खेळला तरी चालेल.